आंग्रिया बँकेवरील सागरी जीवांचे छायाचित्रण आणि टॅगिंग : मोहिमेवर जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका

विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटर अंतरावर, भर अरबी समुद्रात, आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पठाराचा एकही खडक ओहोटीलाही पाण्याबाहेर येत नाही. त्याचा सर्वांत उथळ भागही सुमारे २० मीटर खोल आहे आणि कडा संपल्या की समुद्रतळ शेकडो मीटर खाली उतरतो. किनाऱ्याजवळचा गाळ येथवर फारसा पोहोचत नसल्यामुळे पाणी निवळ असते आणि म्हणूनच एवढ्या खोलीवरही प्रवाळ तग धरून आहेत. मालवणच्या खडपांवर सराव केलेल्या छायाचित्रकाराला येथे दोन अडचणी नव्याने भेटतात. ताशी आठ सागरी मैल वेगाने जाणाऱ्या बोटीला नुसते पोहोचायलाच सात तास लागतात, त्यामुळे आज जमले नाही तर उद्या पुन्हा येऊ, ही सोय राहत नाही. दुसरे म्हणजे, कामाची सुरुवातच २० मीटरवर होत असल्याने पाण्याखालचा वेळ मोजूनमापून खर्च करावा लागतो.

या दोन्ही अडचणींचा विचार केला, तर मोहिमेचे एक सूत्र आधीच ठरवून टाकावे लागते. वेळ, जागा आणि खोली यांची नोंद जोडलेली, एकाच प्राण्याची ओळख पटवणारी चार छायाचित्रे ही चारशे देखण्या छायाचित्रांपेक्षा अधिक उपयोगाची असतात. बहुतेक मोठ्या सागरी प्राण्यांच्या अंगावर त्यांची ओळख जन्मतःच उमटलेली असते किंवा आयुष्यात उमटत जाते. ती नीट टिपली, तर धातूचा किंवा इलेक्ट्रॉनिक टॅग, म्हणजे अंगावर बसवायची ओळखखूण, लावण्याची गरज पुष्कळदा उरत नाही. टॅग हे शेवटचे साधन आहे, पहिले नव्हे, हे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे आणि पुढील मांडणी त्याच धोरणाने केली आहे.

परवाने, हंगाम आणि सुरक्षितता

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचा समुद्र हा भारताचा प्रादेशिक समुद्र होय. आंग्रिया बँक त्याच्या पलीकडे, परंतु २०० सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्राच्या आत आहे आणि तेथे १९७६ चा सागरी क्षेत्र कायदा लागू होतो. त्यामुळे केवळ राज्याच्या वन विभागाकडे एक अर्ज टाकून भागेल, असे समजू नये. कोणत्या कामासाठी कोणाची परवानगी लागेल, याची लेखी विचारणा राज्याच्या कांदळवन कक्षाकडे आणि केंद्रीय यंत्रणांकडे अनेक महिने आधी करावी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यानुसार सर्व समुद्री कासवे आणि व्हेल शार्क पहिल्या अनुसूचीत आहेत, तर प्रवाळांनाही संरक्षण आहे. प्राण्याला पकडणे हे या कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच मोडते. म्हणून दुरून घेतलेले छायाचित्र आणि पकडून लावलेला टॅग यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्यावरील अशा संशोधनासाठी केंद्र शासनाची पूर्वपरवानगी लागते. अभ्यासक सोबत आहेत म्हणून परवाना आपोआप मिळाला, असा गोड गैरसमज कोणी बाळगू नये.

परदेशातून येणाऱ्या सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. भारतात परवान्याशिवाय थुराया किंवा इरिडियमचे उपग्रह फोन बाळगणे बेकायदेशीर आहे आणि विमानतळावर ते सामानात सापडल्यास अटकही होऊ शकते. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ संच व आपत्कालीन संदेश देणारे यंत्र असावे आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सर्वांना ठाऊक असावा. मोहिमेचा मार्ग आणि परतीची अपेक्षित वेळ तटरक्षक दल व सागरी पोलिसांना आधी कळवावी.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि संपूर्ण पावसाळ्यात एवढ्या लांब जाणे शहाणपणाचे नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ तुलनेने शांत असतो, तरी नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रातील चक्रीवादळांचा अंदाज रोज पाहावा. रात्री मतलई वाऱ्यावर निघून पहाटे पठारावर पोहोचावे, हा बोटीवरील तांडेलांचा सल्ला सहसा योग्य ठरतो, कारण दुपारनंतर खारा वारा उठला की लाटांवर कॅमेरा सांभाळत बोटीवर चढणे जिकिरीचे होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस निवडावेत, कारण त्या दिवसांत पाण्याची ओढ कमी असते. नांगर प्रवाळांवर टाकणे सर्वथा वर्ज्य मानावे. इको साउंडरवर (ध्वनिलहरींनी तळाचा वेध घेणाऱ्या यंत्रावर) वाळूचा पट्टा शोधून तेथेच नांगर टाकावा, अन्यथा बोट चालू ठेवून पाणबुड्यांच्या मागे हळूहळू न्यावी.

प्रचलित डाइव्ह तक्त्यानुसार २० मीटरवर पहिल्या डाइव्हला टप्प्याटप्प्याने थांबे न घेता वर येण्याची मर्यादा ४५ मिनिटे, तर ३० मीटरवर ती केवळ २० मिनिटे आहे. पुढच्या प्रत्येक डाइव्हला ही मर्यादा घटत जाते. कागदावरील या आकड्यांच्या काठापर्यंत जाऊ नये. डीकंप्रेशनचा (खोलातून वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होण्याचा) त्रास झाल्यास उपचारकक्ष असलेले रुग्णालय कित्येक तासांच्या अंतरावर असते, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा घातलेल्या माणसाला हवेच्या मापकाचा विसर सर्वांत आधी पडतो. म्हणून छायाचित्रकाराचा जोडीदार दुसरा छायाचित्रकार नसावा. त्याच्या हातात पाटी, पेन्सिल आणि घड्याळ असावे.

घड्याळ, जीपीएस आणि पाटी

मोहिमेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपकरण म्हणजे घड्याळ. छायाचित्राबरोबर कॅमेरा केवळ वेळ नोंदवतो. खोली डाइव्ह कॉम्प्युटरच्या नोंदीत असते, तर जागा जीपीएसमध्ये. या तिन्ही नोंदी नंतर एकत्र आणण्याचा एकमेव दुवा वेळ हाच आहे. म्हणून रोज पहिल्या डाइव्हपूर्वी सर्व कॅमेरे आणि डाइव्ह कॉम्प्युटर जीपीएसच्या वेळेशी जुळवावेत आणि प्रत्येक कॅमेऱ्याने जीपीएसच्या पडद्याचे, सेकंद स्पष्ट दिसतील असे, एक छायाचित्र घ्यावे. कॅमेऱ्याचे घड्याळ चार सेकंद मागे असेल तर ते या छायाचित्रावरून कळते आणि नंतर दुरुस्त करता येते. हे छायाचित्रच नसेल, तर मात्र चूक आहे की नाही, हेही कळण्यास मार्ग राहत नाही. उपकरणांवर भारतीय प्रमाणवेळ ठेवावी की जागतिक समन्वित वेळ, हे आधी ठरवून नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावे. उपग्रह टॅगची माहिती जागतिक वेळेत येते. दोहोंत साडेपाच तासांचे अंतर असल्यामुळे भारतातील पहाटे तीनची घटना तेथे आदल्या दिवसाच्या तारखेवर नोंदली जाते, आणि तारखेचा असा गोंधळ वर्षभराने निस्तरणे फार कठीण जाते.

पाण्याखाली जीपीएस चालत नाही. त्यामुळे जोडीदाराने पृष्ठभागावरील तरंगत्या खुणेला जलरोधक पिशवीत जीपीएस लॉगर बांधून ती खूण दोरीने आपल्यामागे ओढत न्यावी. लॉगर दर पाच किंवा दहा सेकंदांनी जागा नोंदवील असा लावावा. ही नोंद पाणबुड्याच्या अचूक डोक्यावरची नसते, हे मात्र विसरू नये. २० मीटर खोलीवर ३० मीटर दोरी सोडली असेल आणि ओढीमुळे ती ताणली गेली असेल, तर खूण पाणबुड्यापासून आडव्या अंतरात २२ मीटरपर्यंत लांब असू शकते. म्हणून नोंदीत अक्षांश-रेखांशाच्या शेजारी त्यांतील अनिश्चिततेचाही रकाना ठेवावा आणि त्यात प्रामाणिकपणे ३० मीटर लिहावे. दशांशानंतर सहा आकडे लिहिल्याने जागा अधिक अचूक होत नाही.

पाटीवर प्रत्येक डाइव्हच्या आरंभी तारीख, डाइव्हचा क्रमांक, जागेचा संकेत आणि छायाचित्रकाराची आद्याक्षरे लिहून तिचे छायाचित्र घ्यावे. एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाताना तळहात पसरून त्याचे एक छायाचित्र काढावे. संगणकावर छायाचित्रे पाहताना कोणत्या प्राण्याची मालिका कोठे संपली, हे त्या हातावरून लगेच कळते. पाण्यात हिरवट दिसणाऱ्या दोन कासवांची छायाचित्रे एकमेकांत मिसळू नयेत, यासाठी याहून सोपा उपाय नाही.

कॅमेरा पाण्यात नेताना

पाण्यात लाल रंग पहिल्या पाच-सहा मीटरांतच जवळजवळ नाहीसा होतो, पाठोपाठ नारिंगी आणि पिवळा फिकट होत जातात. २० मीटरवर स्ट्रोबच्या (पाण्याखाली वापरायच्या फ्लॅशच्या) प्रकाशाशिवाय घेतलेले छायाचित्र निळ्या राखेसारखे दिसते. मात्र स्ट्रोबचा उपयुक्त पल्ला साधारणतः एक ते दीड मीटर एवढाच असतो. त्यापलीकडील प्राण्यावर प्रकाश पडत नाही, केवळ मधल्या पाण्यातील कण उजळून निघतात. म्हणून जवळ जाता येत असेल तरच स्ट्रोब वापरावा आणि त्याचे हात बाहेरच्या बाजूला पसरून किंचित मागे ठेवावेत, म्हणजे प्रकाश भिंगासमोरच्या कणांवर थेट पडत नाही. प्रवाळ आणि छोट्या माशांसाठी एफ ८ ते एफ ११ छिद्र, सेकंदाचा १२५ वा ते २०० वा भाग आणि आयएसओ २०० ते ४०० येथून सुरुवात करावी. व्हेल शार्क, पाकट किंवा डॉल्फिन यांच्यासाठी स्ट्रोब बंद ठेवून नैसर्गिक प्रकाशातच काम करावे, कारण त्यांच्या बाबतीत रंगापेक्षा खुणांची स्पष्टता महत्त्वाची असते. सर्व छायाचित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ) स्वरूपातच घ्यावीत. पांढऱ्या रंगाचा समतोल नंतर साधता यावा, म्हणून पाटीच्या कोपऱ्यात राखी रंगाची चौकट आणि सेंटिमीटरची पट्टी चिकटवून ठेवावी.

हाउसिंगच्या (कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या) ओ-रिंगची, म्हणजे तिच्या सांध्यातील रबरी कड्याची, निगा आदल्या रात्री, वारा नसलेल्या कोरड्या जागी घ्यावी. पहाटे हलत्या बोटीवर, झोपेच्या डोळ्यांनी हे काम करू नये. रिंग खाचेतून बोटांनी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढावी, टोकदार वस्तूने नव्हे. ती दोन बोटांमधून हळू ओढली की वाळूचा एखादा कण असल्यास तो बोटाला जाणवतो. खाच काडीला गुंडाळलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. सिलिकॉनचे ग्रीस रिंगला चकाकी येण्यापुरतेच लावावे, कारण जास्त ग्रीस पाणी अडवत नाही, उलट केस आणि धूळ धरून ठेवते. हाउसिंग बंद केल्यावर प्रकाशात धरून रिंगेच्या संपूर्ण परिघावर नजर फिरवावी. हातपंपाने निर्वात करून तपासण्याची सोय असेल, तर ती तपासणी कधीही टाळू नये. कॅमेरा पाण्यात उतरवताना आधी काही मिनिटे गोड्या पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे येतात का, ते पाहावे. डाइव्हनंतरही त्याच टबात बटणे दाबत तो धुवावा, अन्यथा मीठ सुकून बटणे अडकतात. गोड्या पाण्याचा हा साठा पिण्याच्या पाण्यातून घ्यावा लागणार नाही, एवढा हिशेब निघण्यापूर्वीच करावा.

कोणत्या प्राण्याचे नेमके काय टिपावे

कासवाची ओळख त्याच्या चेहऱ्यावर असते. डोळ्याच्या मागे गालावर असलेल्या खवल्यांची मांडणी प्रत्येक कासवात वेगळी असते आणि वर्षानुवर्षे टिकते. डावा आणि उजवा गाल सारखे नसतात, त्यामुळे एकाच बाजूचे छायाचित्र असेल तर दुसऱ्या बाजूने टिपलेले तेच कासव नवीन म्हणून मोजले जाण्याची शक्यता राहते. कॅमेरा कासवाच्या डोळ्याच्या पातळीवर आणि गालाशी काटकोनात असावा. वरून घेतलेल्या छायाचित्रात खवले आकसलेले दिसतात आणि जुळणी फसते. त्यानंतर कपाळ आणि पाठीचे कवच टिपावे. डोळ्यांच्या मधोमध, चोचीच्या वर, मोठ्या खवल्यांची एक जोडी असेल तर ते बहुधा हिरवे कासव, दोन जोड्या असतील तर हॉक्सबिल. ऑलिव्ह रिडलेच्या कवचावर मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या मोठ्या पट्ट्या सहसा सहा किंवा त्याहून अधिक जोड्यांच्या असतात. शेपटी कवचाबाहेर लांब आलेली दिसली, तर तो पूर्ण वाढलेला नर असतो, परंतु लहान कासवाचे लिंग शेपटीवरून ठरवू नये. कासव श्वास घेण्यासाठी वर जात असेल तर त्याचा मार्ग मोकळा ठेवावा. त्याच्या वर तरंगत छायाचित्रे काढणे म्हणजे त्याचा श्वास अडवणे होय.

व्हेल शार्कच्या बाबतीत पाचव्या कल्ल्याच्या फटीमागचा, छातीच्या पराच्या वरचा भाग महत्त्वाचा असतो. तेथील पांढऱ्या ठिपक्यांची मांडणी माणसाच्या बोटाच्या ठशाप्रमाणे प्रत्येकात वेगळी असते. या ठिपक्यांची जुळणी करण्यासाठी वापरण्यात येणारी गणिती पद्धत मूळची खगोलशास्त्रातील असून ती ताऱ्यांच्या नकाशांची तुलना करण्यासाठी तयार झाली होती. जागतिक नोंदसंग्रहात डाव्या बाजूला प्राधान्य दिले जाते, म्हणून डावी बाजू आधी टिपावी, मग उजवी. नंतर प्राणी शांत असेल तरच खालून पोटाकडील परांचे छायाचित्र घ्यावे. तेथे क्लास्पर्स (नराचे जोडीने असणारे, नळीसारखे प्रजनन अवयव) दिसले तर तो नर असतो. अंगावरील जखमा, दोरखंडाचे वळ आणि शेपटीच्या पराची तुटलेली टोके हीदेखील ओळखीची चिन्हे आहेत आणि मासेमारीशी झालेल्या संघर्षाचा पुरावाही आहे. ऑस्ट्रेलियाच्या निंगालू प्रवाळभित्तीवर व्हेल शार्कपासून शरीराजवळ तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर अंतर ठेवण्याचा व फ्लॅश न वापरण्याचा दंडक आहे. आपल्याकडेही तोच पाळावा. हे अंतर छायाचित्राला पुरेसे असते, कारण एवढ्या मोठ्या प्राण्याची एक बाजू टिपण्यासाठी रुंद कोनाचे भिंगच लागते.

मांटा पाकटाची ओळख पोटावरच्या काळ्या ठिपक्यांत असल्यामुळे तो डोक्यावरून जाईपर्यंत थांबणे हाच उत्तम उपाय आहे. पाठलाग केला तर तो वळून निघून जातो आणि हाती फक्त पाठ लागते.

डॉल्फिनची छायाचित्रे बोटीवरूनच घ्यावीत. पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेला पडलेल्या खाचा आणि चिरा यांवरून प्राणी ओळखता येतो. बोट कळपाला समांतर आणि त्याच्याच वेगाने चालवावी, कळपात घुसवू नये. सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून वेगवान शटर ठेवावे आणि पर चौकटीत पूर्णपणे व काटकोनात येईल तेव्हाच बटण दाबावे. येथे एक मोह टाळायला हवा. ठळक खाचा असलेल्या परांकडे नजर आपोआप जाते आणि गुळगुळीत परांची छायाचित्रे काढायची राहून जातात. कळपाची संख्या अशा छायाचित्रांवरून काढायची असेल तर खूण असलेले आणि नसलेले यांचे खरे प्रमाण कळले पाहिजे, अन्यथा गणित मुळातच चुकते.

माशांसाठी संपूर्ण बाजू दिसेल आणि पर पसरलेले असतील, असे एक छायाचित्र पुरे. तोंडासमोरून घेतलेले छायाचित्र देखणे असते, पण गोबरा आणि तांबोशी यांच्या जवळच्या जाती ओळखायला ते कुचकामी ठरते.

प्रवाळांना मात्र वेळ द्यावा. प्रत्येक वसाहतीची किमान तीन छायाचित्रे लागतात. पहिले परिसरासह, दुसरे संपूर्ण वसाहतीचे पट्टीसह, तिसरे अगदी जवळून, ज्यात प्रवाळकांच्या वाट्या आणि त्यांतील पडदे मोजता येतील. ही तिन्ही असूनही पुष्कळदा प्रजातीपर्यंत पोहोचता येत नाही आणि ओळख वंशापाशीच थांबवावी लागते. तसे लिहिण्यात कमीपणा मानू नये. प्रवाळांचे आच्छादन किती टक्के आहे हे मोजायचे असेल, तर तळावर ५० मीटरची फीत पसरून ठरावीक अंतरांवर ५० बाय ५० सेंटिमीटरच्या चौकटीची लंब छायाचित्रे घ्यावीत. चौकट कोठे ठेवायची हे आधी ठरलेले असावे. पाण्यात उतरल्यावर जागा निवडली की हात सुंदर प्रवाळाकडेच वळतो आणि आच्छादन आहे त्याहून अधिक भासते.

प्रत्यक्ष टॅग : केव्हा, कोणाला, कसा

छायाचित्राने उत्तर मिळणार नाही असा प्रश्न असेल, आणि परवाना व प्रशिक्षित हात दोन्ही असतील, तरच टॅगचा विचार करावा. प्राणी कोठे जातो, किती खोल जातो, ऋतूनुसार कोठे राहतो, हे प्रश्न त्या प्रकारचे आहेत.

कासवांना टॅग लावण्याची योग्य जागा म्हणजे अंडी घालण्याची वाळू, भर समुद्रातील प्रवाळभित्ती नव्हे. पाण्यात कासव पकडल्यास ते गुदमरू शकते, शिवाय पकडणारा पाणबुड्याही धोक्यात येतो. महाराष्ट्रातील कामही किनाऱ्यावरच झाले आहे. भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ या ऑलिव्ह रिडले मादीला उपग्रह टॅग लावला. पाठोपाठ आंजर्ले येथे ‘सावनी’ आणि गुहागर येथे ‘रेवा’, ‘लक्ष्मी’ व ‘वनश्री’ यांना टॅग लावण्यात आले. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ दक्षिणेकडे जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली, तेव्हा पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यांवरील कासवे एकमेकांपासून वेगळी राहतात, हा समज डळमळीत झाला.

त्याच प्रश्नाचे दुसऱ्या टोकाकडून उत्तर एका साध्या धातूच्या टॅगने दिले. मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर ०३२३३ या क्रमांकाचा फ्लिपर टॅग (वल्ह्यासारख्या पायावरचा टॅग) लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. या टॅगमध्ये बॅटरी नव्हती, उपग्रहाशी संपर्क नव्हता, होता केवळ एक वाचता येणारा क्रमांक आणि तो वाचून कळवणारी माणसे. फ्लिपर टॅग इन्कोनेल किंवा टायटॅनियमचा असावा, कारण खाऱ्या पाण्यात साधा धातू कुजतो. मादीची अंडी घालून झाल्यावरच, पुढच्या फ्लिपरच्या मागच्या कडेला, शरीराजवळच्या मोठ्या खवल्यापाशी जंतुनाशकाने जागा पुसून तो लावतात. टॅग आणि फ्लिपरची कड यांत थोडी मोकळी जागा सोडावी लागते. अगदी घट्ट बसला तर मांस दबून जखम होते, फार सैल राहिला तर जाळ्यात अडकतो. टॅग बसवल्यावर त्यावरील क्रमांक एकाने मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने तो लिहून परत वाचून दाखवावा आणि टॅगचे जवळून छायाचित्र घ्यावे. चुकीचा लिहिलेला एक आकडा सगळे श्रम फुकट घालवतो.

उपग्रह टॅग कासवाच्या कवचावर इपॉक्सीने चिकटवतात. कवच घासून, पुसून, पूर्ण कोरडे केल्याशिवाय तो टिकत नाही, आणि चिकटद्रव्य सुकताना गरम होत असल्याने त्याचा थर एकाच वेळी जाड देऊ नये. प्राण्याची जागा सांगणाऱ्या आर्गोस या उपग्रह प्रणालीला संदेश जाण्यासाठी टॅगची अँटेना पाण्याबाहेर यावी लागते, म्हणून जो प्राणी क्वचितच पृष्ठभागावर येतो त्याच्यासाठी हे साधन निरुपयोगी ठरते. आर्गोसने दिलेली प्रत्येक जागा अचूक नसते. प्रत्येक नोंदीला दर्जाचा वर्ग दिलेला असतो, आणि हलक्या वर्गातील नोंद कित्येक किलोमीटरनी चुकू शकते. कासव एखाद्या दिवशी डोंगरावर दिसले तर टॅग बिघडलेला नसतो, तो वर्ग पाहायचा राहून गेलेला असतो.

आंग्रियावर ध्वनी टॅग वापरण्याची कल्पना वारंवार पुढे येते. मुशी किंवा गोबऱ्याच्या शरीरात बसवलेला हा टॅग ठरावीक काळाने आवाज करतो आणि तळावर ठेवलेला ग्राहक (आवाज टिपणारे यंत्र) तो काहीशे मीटरच्या परिघात ऐकून नोंदवतो. परंतु ही नोंद मिळवण्यासाठी ग्राहक पाण्याबाहेर काढावा लागतो, म्हणजे पुन्हा १०५ किलोमीटर जाणे आले, आणि तोवर एखाद्या ट्रॉलरच्या जाळ्याने तो ओढून नेलेला नसावा, ही आशा बाळगणे आले. पुढील दोन हंगामांच्या बोटीचा खर्च हातात नसेल तर ग्राहक टाकूच नयेत. प्रवाळ वसाहतींशेजारी क्रमांकाच्या पट्ट्या ठोकण्याबाबतही तेच. २० मीटर खोलीवर, वाहत्या पाण्यात, एका हंगामानंतर ती पट्टी शोधण्यात पाण्याखालचा अर्धा वेळ जातो आणि दरम्यान तिच्यावर शैवाल चढलेले असते.

बोटीवरची संध्याकाळ

नोंदी त्याच दिवशी पूर्ण कराव्यात. जेवणापूर्वी छायाचित्रे दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवून, दोन्ही प्रती उघडतात याची खात्री करून मगच कार्ड पुसावे. दोन डिस्क बोटीच्या दोन वेगवेगळ्या भागांत, जलरोधक डब्यात ठेवाव्यात. मूळ रॉ फाइलमध्ये कोणताही बदल करू नये, रंगदुरुस्ती प्रतीवर करावी. फाइलच्या नावात मोहिमेचा संकेत, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख, डाइव्हचा क्रमांक, छायाचित्रकाराची आद्याक्षरे आणि कॅमेऱ्याने दिलेला मूळ क्रमांक, एवढेच असावे. प्रजातीचे नाव फाइलच्या नावात घालू नये, कारण ओळख पुढे बदलू शकते, फाइलचे नाव बदलणे मात्र गोंधळाला निमंत्रण देते.

प्रजाती, डावी-उजवी बाजू, लिंग, वाढीची अवस्था, वर्तन, जखमा, खोली आणि तापमान हे छायाचित्राच्या आत कीवर्ड म्हणून लिहावेत. शब्द आधी ठरवलेल्या यादीतलेच वापरावेत, नाहीतर एकाच कासवाला एक जण ‘हॉक्सबिल’, दुसरा ‘हॉक बिल’ आणि तिसरा नुसते ‘कासव’ लिहितो आणि शोध घेताना दोघांच्या नोंदी सापडतच नाहीत. शास्त्रीय नावे सागरी प्रजातींच्या जागतिक सूचीशी ताडून घ्यावीत. ओळख कोणी केली आणि ती कितपत खात्रीची आहे, यासाठी स्वतंत्र रकाना असावा. तक्त्याचे रकाने डार्विन कोअर या जैवविविधतेच्या नोंदींसाठीच्या प्रचलित मानकानुसार ठेवले, तर पुढे ओबीससारख्या जागतिक सागरी संग्रहात माहिती देताना सगळे पुन्हा टंकावे लागत नाही. डाइव्हला गेलो आणि काहीच दिसले नाही, हीसुद्धा नोंद आहे. ती किती मिनिटे पाहून केली, हे मात्र लिहावे.

परतल्यानंतर

व्हेल शार्क आणि कासवांची छायाचित्रे जुळणीसाठी पाठवताना त्यांच्या जागा जाहीर करू नयेत. समाजमाध्यमांवर टाकण्याच्या प्रतींमधून जीपीएसची माहिती काढून टाकावी आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना जागा धूसर ठेवण्याचा पर्याय निवडावा. बोटीच्या पडद्यावर अक्षांश-रेखांश दिसत असलेले छायाचित्र प्रसिद्ध करण्याची चूक उत्साहाच्या भरात सर्रास होते. पूर्ण अचूक माहिती परवाना देणाऱ्या कार्यालयांकडे अहवालासोबत द्यावी.

टॅग लावले असतील तर विजयदुर्ग, देवगड, मालवण, रत्नागिरी, हर्णै आणि मुंबईच्या ससून डॉकपर्यंत बंदरांवर त्याची मराठीत माहिती पोहोचवणे हा मोहिमेचाच भाग समजावा, कारण टॅग पुन्हा दिसला तर तो बहुधा मच्छीमारालाच दिसतो. राज्यात डिसेंबर २०१८ पासून, जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे आणि त्यासाठी सुटकेचे छायाचित्र किंवा चित्रफीत लागते. म्हणजे अनेक खलाशांना मोबाइलवर असे चित्रण करण्याची सवय आधीच झाली आहे. त्यांना एवढेच सांगावे लागते, की प्राणी जिवंत असल्यास टॅग ओढून काढू नये, क्रमांक वाचता येईल असे एक आणि चेहऱ्याच्या किंवा कल्ल्यामागच्या भागाचे एक अशी दोन छायाचित्रे काढावीत, बोटीच्या जीपीएसवरील आकडे वहीत लिहावेत आणि प्राण्याला सोडून द्यावे. पत्रकावर संपर्काचा क्रमांक मोठ्या अक्षरांत छापावा. तो क्रमांक एखाद्या संशोधक विद्यार्थ्याचा नसून कार्यालयाचा असावा, कारण विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो आणि टॅग लावलेले कासव चार वर्षांनीही परत येते.